वालूरचा साधा कॉल

"ओ बाई, चार घंटे झाले! जोडायल्या का न्हाई?"

हेडफोनमध्ये आवाज असा फुटला की सरजाच्या हातातली पेन्सिल खाली पडली. वालूर गावच्या पोस्टातून कुणी माणूस बोलत होता. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दोन वर्षांत तिनं पुष्कळांचं ओरडणं ऐकलं होतं. पण या ओरडण्यामागे काहीतरी थरथरत होतं...

"तुमचा कॉल साधा आहे," ती फणकारली. "आधी सगळ्यात महागडे लाइटनिंग, मग अर्जंट, मग साधे. नियम मी नाही केला."

"मग माझा नंबर कवा?"

बाहेर जाणारी लाइन एकच, त्यात कापसाचे दिवस. अडतवाले भगवानराव शेठ सकाळपासून लाइटनिंगवर लाइटनिंग लावत होते. भाव हलला का? नाही हलला. बरं, मग जावई कसे आहेत? काल जेवायला काय होतं? जास्त पैसे भरले की गप्पासुद्धा तातडीच्या होतात! रोज हे ऐकून तिच्या डोक्यात तिडीक उठायची.

"काम काय आहे?" तिनं विचारलं. खरं तर ऑपरेटरनं हे विचारायचं नसतं.

"मेंढरं मरायलीत, बाई. सकाळपून अकरा गेली. परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यातून लस मागवायची हाय."

"अहो, मग अर्जंट का नाही सांगितलं?"



"पोस्टमास्तरांनी इचारलं, साधा का अर्जंट? म्हनलं... आपण कशाला मोठेपणा करावा? साधाच लावा."

हसावं की रडावं, तिला कळेना. मग मात्र असा संताप आला! ती पोखर्णीची, शेळ्यांमागे हिंडत वाढलेली. घरातली अकरा जनावरं जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चांगल्या माणसानं लाजून मागे राहायचं, आणि ज्याला लाजच नाही त्यानं पुढे घुसायचं?

दर तीन मिनिटांनी वेळ संपल्याचं ऑपरेटरनं सांगायचं; शेठ चौथ्यांदा तीन मिनिटं वाढवून मागत होते. "वेळ संपली," म्हणत तिनं स्विचबोर्डावरून त्यांची जोडणीची दोरी उपटली आणि वालूरची परभणीला खोचली.

"बोला. लवकर बोला."

संध्याकाळच्या एसटीनं लस पोचली. उरलेली मेंढरं वाचली.

पुढच्या गुरुवारी तोच आवाज आला, या वेळी हळू.

"कुणाला जोडू?"

"कुणाला न्हाई. लाइन चालू हाय का बघायलो."

"चालू आहे."

"आन् तुमी?"

"मी... मीही चालूच आहे," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली.

त्याचं नाव चंद्रभान. तिनं आपलं नाव-गाव सांगायला तीन गुरुवार घेतले. चौथ्या गुरुवारी तो म्हणाला, "सरजाबाई, तुमी रागावल्या की लय चांगल्या वाटता." त्यावर ती खरंच रागावली, आणि दिवसभर गाणं गुणगुणत राहिली.

पण शेठची तक्रार वर पोचली होती. साहेब माणिकरावांनी तिला बोलावलं. "दोन ओळी माफीच्या लिहा. नाहीतर बदली."

"शेठनी आधी त्या अकरा मेंढरांची माफी मागावी, साहेब. मग मी लिहिते."

बदली झाली. दुसरा जिल्हा, सोमवारी हजर व्हायचं. तिला केल्याचा पश्चात्ताप नव्हता. डोळे भरत होते ते गुरुवारच्या आठवणीनं. शेवटच्या गुरुवारी तक्रार, माफी, बदली सगळं त्याला सांगून ती कशीबशी म्हणाली, "सोमवारपासून दुसऱ्या बाईशी भांडा..." आणि तेवढ्यात कुणाचा तरी लाइटनिंग आला. तिला लाइन तोडावी लागली.

शनिवारी, तिच्या शेवटच्या दुपारी, बोर्डावर वालूरचा दिवा लागला.

"कॉल लावायचाय," चंद्रभान म्हणाला.

"साधा ना?" तिनं विचारलं.

"न्हाई. लाइटनिंग."

"नंबर?"

"तुमालाच."

सरजानं हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"लय राग यायलाय, बाई. माझाच. लाजत बसलो आन् अकरा मेंढरं गेली. आता तुमी जायलात, आन् म्या परत साधाच लावून बसू? माय उद्या पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला यायलीय. तिथून तुमच्या घरी येईन म्हणतीय... तुमी हो म्हनलात तर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दर्शन घिऊन माघारी."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "मी माफी लिहिणार नाही हं. बदलीवर जाणार."

"लिहू बी नका! लिहिली तर म्याच यायचा न्हाई. मेंढरांला कुठं जिल्हा असतोय? तुमी जिकडं, तिकडं कळप घिऊन येतो."

"हो," ती म्हणाली. मग त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, "हो, चंद्रभान. पाठवा आईंना."

एवढ्यात बोर्डावर शेठचा दिवा लागला. सरजानं दुसऱ्या हातानं दोरी खोचली.

"लाइटनिंग!" शेठ गरजले. "ताबडतोब जोडा!"

"थांबावं लागेल, शेठ," ती गोड आवाजात म्हणाली. "आधीचा लाइटनिंग चालू आहे. नियमच आहे तसा."

दोरी काढून ती पुन्हा वालूरकडे वळली. घड्याळात तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. तिनं ती सांगितली नाहीत.