जांभळ्या दोऱ्यातली किल्ली

किल्लीवाल्याला एक खोड होती. घासून तयार झालेल्या प्रत्येक किल्लीच्या मानेवर तो कानशीने एक आडवा चिरा ओढायचा. उद्या कुणी भांडायला आलं तर 'ही माझ्या हातची, ही नव्हे' असं छातीठोक सांगता यावं, एवढाच हेतू. हात इतका सरावला होता की चिरा कधी ओढला हे त्याचं त्यालाही कळत नसे.

त्या दिवशी सकाळीच फौजदारांनी त्याला टपरीवरून उठवून शिंपीणबाईच्या घरी नेलं. तिथे झडती चालू होती. दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन, मागच्या खोलीत कुलूपबंद लोखंडी कपाट.

"कपाट घरमालकाचं आहे हो," बाई कळवळून सांगत होती. "त्याची किल्ली मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही."

तिला पुढच्या खोलीत बसवलं. किल्लीवाल्याने कुलपाचा अंदाज घेत तासाभरात किल्ली घासली. कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात तपकिरी पावडरच्या चार पुड्या होत्या.

"नुसता माल सापडून भागत नाही," फौजदार हळूच म्हणाले. "तो तिच्या ताब्यात होता हे कोर्टात दाखवावं लागतं. ज्याची किल्ली, त्याचा ताबा." त्यांनी मशीनवरचा जांभळा दोरा दातांनी तोडला, किल्लीत ओवला आणि गाठ मारली. "ही तिच्या कमरेला होती. तू फक्त लावून पाहिलीस. कळलं?"

"पण साहेब, बाई तर म्हणतेय..."

"टपरीचा परवाना आहे का रे तुझ्याकडे?"

नव्हता. पोट कुणाच्या मागे लागलेलं नाही? त्याने मान डोलावली.

कोर्टात तो पोपटासारखा बोलला. बाईचा वकील नुसते कागद चाळत राहिला. न्यायाधीशांनी किल्ली हातात घेतली, तशी बाई ताडकन उभी राहिली.

"किल्लीच्या मानेवर चिरा आहे, बघा! याच्या हातच्या सगळ्या किल्ल्यांवर असतो. माझ्या दाराच्या किल्लीवरही आहे."

तिला गप्प बसवण्यात आलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. बाहेर नेताना ती त्याच्यापाशी क्षणभर थांबली.

"भाऊ, किल्ली मात्र छान बसली हं," असं म्हणून ती हसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण टपरी वाचली होती.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तणतणत परत आलं. किल्ली लागत नव्हती. मग दुसरं आलं, मग तिसरं. परत आलेल्या किल्ल्या त्याने फळीवर शेजारी शेजारी मांडल्या. नमुने वेगवेगळे दिलेले होते, दाते मात्र सगळ्यांचे सारखे. पहिला आखूड, मधला तिरका, शेवटचा लांब. शिंपीणबाईकडच्या कपाटाचे.

नमुना डोळ्यांसमोर धरून तो पुन्हा घासायला बसला. पहिला आखूड. मधला तिरका. हात ऐकायलाच तयार नव्हता.

जेवायला घरी आला तर बायको म्हणाली, "अहो, आपलं कपाट उघडत नाहीये. रोजचीच किल्ली, पण फिरतच नाही."

त्याने खिशातली एक वाया गेलेली किल्ली लावून पाहिली. कपाट उघडलं.

"सुटले बाई!" म्हणत बायको स्वयंपाकघरात गेली.

खालच्या कप्प्यात, चादरींच्या खाली, चार पुड्या होत्या.

त्याने त्या नाल्यात टाकल्या, वर किल्लीही भिरकावली. संध्याकाळी कप्प्यात चार होत्या. पुन्हा टाकल्या.

सकाळी चार होत्या.

दुपारी दार वाजलं. फौजदार आले होते, सोबत एक नवा किल्लीवाला. फौजदारांच्या डोळ्यांत ओळख म्हणून नव्हती.

"कपाटाची किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे नाही, साहेब. मी ती कधी डोळ्यांनी..."

"अहो, असं काय करता?" बायको म्हणाली. बिचारी मदतच करत होती. "कमरेला तर आहे."

त्याने कंबर चाचपली.

होती.

"यांच्याच हातची आहे, साहेब," बायकोने भर घातली. "मानेवर चिरा असतो, बघा."

नव्या किल्लीवाल्याने कानस पिशवीत परत ठेवली.

गाठ काही केल्या सुटेना. शेवटी फौजदार खाली वाकले आणि त्यांनी जांभळा दोरा दातांनी तोडला.