अबोल्याचं वर्ष

हेमांगीने नवऱ्याशी, निषादशी, वर्षभर अबोला धरला होता, तोही कायदेशीर. नव्या कायद्यात घटस्फोटाला कोर्ट लागत नव्हतं, वकील लागत नव्हता. प्रत्येक जोडप्याच्या दोन टपालपेट्यांमध्ये एक जोडणी असे. वर्षभर तिच्यावरून काहीच गेलं नाही तर ती आपोआप तुटे, आणि तिच्याबरोबर लग्नही. सरकारला ही सोय फारच सुटसुटीत वाटली होती. स्वतःचे वडील गेले तेव्हाही हेमांगीने निषादला कळवलं नाही. दातओठ खात गप्प राहिली. आणि वर्ष संपल्यावर तिच्या पेटीच्या पडद्यावर आलं, 'विवाह चालू आहे.'

ती तडक टपालकेंद्रात जाऊन डॉ. हिरव्यांसमोर उभी राहिली. या पेट्यांचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता.

"त्यानेच काहीतरी पाठवलंय. मला सुटू द्यायचं नाहीये त्याला."

हिरव्यांनी नोंदी उघडल्या. "त्यांनी एक अक्षरही पाठवलेलं नाही. हे नुसते हुंकार आहेत."

"म्हणजे?"

"गोष्ट ऐकणारा मधूनमधून हं म्हणतो ना, तसं. जोडणी गप्प राहिली की सर्व्हर ती तोडतो. म्हणून पेटी अधूनमधून आपणहून नुसतं 'हं' पाठवते. घरच्या पडद्यावर ते दिसत नाही, इथे केंद्रात दिसतं. समोरची पेटीही हं म्हणते. जोडणी जिवंत राहते."

"कोणाची पेटी पाठवते?"

"तुमची. तुम्ही भांडत होतात तोवर तिला काम नव्हतं. तुम्ही गप्प झालात आणि ती कामाला लागली."

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अख्ख्या संसारात तो माझं न ऐकता हं म्हणत आला. म्हणून सोडला त्याला. आणि आता माझीच पेटी त्याला हं म्हणतेय? बंद करा ती."

"तुमची बंद केली की त्यांची सुरू होईल. दोन्हीकडून बंद हवी. ते तुम्हीच त्यांना कळवायचं. तिसऱ्याला मध्ये पडायची मुभा नाही."

"म्हणजे अबोला मोडायचा."

"हो. वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"मला जोडणी टिकवायला सांगितलं होतं, बाई. मी टिकवली." त्यांनी तिची पेटी उघडून कीबोर्ड तिच्याकडे ढकलला.

तिने लिहिलं, 'तुझ्या पेटीचा हुंकार बंद कर. मला सुटायचंय.'

लगेच उत्तर आलं. 'हं.'

"हे तो म्हणाला की त्याची पेटी?"

हिरव्यांनी नोंद दोनदा पाहिली. "दोन्ही सारखीच दिसतात," ते म्हणाले.

हेमांगीने कीबोर्ड परत ढकलला. थोड्या वेळाने आणखी एक 'हं' आलं.