मधली भिंत

वाटणी झाली तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध एकेरी विटेची भिंत उभी राहिली. अलीकडे धाकटी जाऊ आणि तिचा नवरा, पलीकडे थोरली आणि दीर. दोन्ही घरांत बोलणं बंद.

धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची. त्या दिवशी वर्गात तिने बटाट्याची फोड मिठाच्या पाण्यात ठेवली. फोड लुळी पडली. "पाणी पातळ पडद्यातून जिथे मीठ जास्त तिथे जातं," ती म्हणाली.

घरी आली तर भिंतीला टेकून ठेवलेला माठ कोरडा ठणठणीत. ना तडा, ना खाली ओल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिचे ओठ फुटू लागले. कितीही पाणी प्यालं तरी घशाला कोरड. गाल बसले.

"उन्हाचं असेल," नवरा म्हणाला.

फाटकात थोरली समोर आली. चेहरा टम्म, कातडी ताणून चकाकणारी.

"काय गं मास्तरीणबाई, सुकलीस?" ती हसली. "मला मात्र मानवतंय हं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, तरी तिने जाड्या मिठाची पिशवी आणली आणि भिंतीच्या कडेने ओतली.

संध्याकाळपर्यंत भिंतीला पाझर फुटला. तिची तहान भागली. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

सकाळी दिराने दार ठोठावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"हिला काहीतरी होतंय. घागर रिकामी केली, तरी पाणी पाणी करतेय. तू जरा बघतेस का?"

मीठ झाडून टाकायला दोन मिनिटं लागली असती.

"मला शाळेला उशीर होतोय," ती म्हणाली आणि आत जाऊन उरलेली पिशवीही रिती केली.

दुपारी ती परतली तेव्हा पलीकडे कुलूप होतं. "थोरलीला दवाखान्यात नेलंय," शेजारीण म्हणाली. "अंगावर नुसती सुरकुतलेली कातडी हो!"

आता मात्र ती घाबरली. झाडू घेऊन तिने मीठ गोळा केलं, बाहेर फेकलं, फरशी पुसली.

पाझर थांबेना.

तिचे पाय सुजले. बोटं मिटेनात.

पाणी कोमट होतं.

ओघळ अडवायला तिने भिंतीवर तळवा दाबला. वीट मऊ लागली. दाबली तशी दबली.

आणि पलीकडच्या बंद घरातून कुणीतरी, अगदी हळूच, तिच्या तळव्याला तळवा लावला.