पायापुरती जागा

गुडघ्यात पू होता, खालच्या हाडातही होता. दोनदा भूल देऊन धुऊन काढला, पण सिग्नीचा ताप काही हटेना.

"नुसता सांधा असता तर बघता आलं असतं, नुसतं हाड असतं तरी," डॉक्टर मारित म्हणाली. "दोन्ही एकदम सडलं की जिवावर बेततं. गुरुवारी मांडीतून पाय काढू."

"मांडी तुझी आहे का गं पोरी?"

एकसष्ट वर्षांची सिग्नी. कॉड मासा सुकवायच्या उंच माच्यांवर चढण्या-उतरण्यात तिचा जन्म गेलेला. धक्क्यावर घसरून डावा गुडघा फुटला, तेव्हाही बाईने आधी सांडलेले मासे गोळा केले. असल्या बाईला पाय सोड म्हणून कोण सांगणार? कापलेला पाय जाळायचा की घराण्याच्या जागेत पुरायचा, असं फॉर्मात विचारलं होतं. तिने लिहिलं, 'माझ्याबरोबर घरी येईल', आणि सही न करताच कागद परत दिला.

सोमवारी तिच्या बेटावरून ओडवारचा फोन आला. तो तिथल्या दफनभूमीची देखभाल करायचा, शाळेपासूनचा दोस्त.

"सिग्नी, तुझ्या आईच्या शेजारी खड्डा कुणी खणायला सांगितला?"

"केवढा आहे?"

तो घुटमळला. "पायाएवढा."

"बुजव मेल्या!"

मंगळवारी पुन्हा फोन. "बुजवला होता गं. पुन्हा तसाच! जमीन गोठलीय, मला पहारीनेही ढेकूळ निघत नाही. आणि हा लोण्यातून कापल्यासारखा."

"दुसऱ्या कुणाचा असेल."

"टाचेकडे रुंद आहे. तुझ्या अंगठ्यासारखा बाक पण आहे."

सिग्नीला भयंकर राग आला.

बुधवारी सकाळी ती, जबाबदारी माझी, असं लिहून देऊन बोटीत बसली. ओडवारने तिला खांद्याचा आधार देत दफनभूमीत नेलं.

"नको गं," तो म्हणाला. "माझं ऐक."

"आयुष्यात कधी ऐकलंय?"

ती काठावर बसली आणि सुजलेला पाय खड्ड्यात घातला. तो तंतोतंत बसला.

आत ऊब होती.

घोट्याला काहीतरी लागलं. मग पोटरीला. चांभार माप घेतो तसं, सावकाश, अदबीने.

गुडघ्याशी ते थांबलं.

"झालं माप?" सिग्नी ओरडली. "आता बस वाट बघत! आख्खी बाई येईल तेव्हा पाय येईल. सुटा मिळणार नाही!"

आणि तिने पाय उपसून काढला.

गुरुवारी ती इस्पितळात परतली तेव्हा ताप नव्हता. मारितने रक्त दोनदा तपासलं आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सहा आठवड्यांनी सिग्नी स्वतःच्या दोन पायांवर घरी आली. गुडघा अर्धाच वाकतो, पण वाकतो.

ती रोज दार आतून लावून, लोकरीचे मोजे घालून झोपते. सकाळी डावा मोजा पायथ्याशी नीट घडी करून ठेवलेला असतो, आणि डाव्या पायाच्या नखांत ओली माती असते. सिग्नी ब्रशने ती खरवडून काढते.

"भटक कुठे भटकायचं ते," ती पायाला दटावते. "पण उजाडायच्या आत घरी!"

परवा त्याला यायला जरा उशीर झाला.