मानाच्या देवळातली चिठ्ठी

विचुंब्याच्या गावदेवीसमोर त्या तरुणाने घंटा वाजवलीच नाही. कमरेत दोनदा वाकला, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकला... आणि मग दचकून इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना!

मनस्वीने बघितलं होतं. नवीन पनवेलात जपानी शिकवणाऱ्या मुलीच्या नजरेतून ते सुटणार थोडंच?

"देवीला जपानी येत नसेल हो," ती हळूच म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी... तीन वर्षांची सवय. तिकडे आमच्या कारखान्याजवळ शिंतो देऊळ होतं. रोज सकाळी जायचो."

तो प्रणित. गावातलाच, वर्षापूर्वी जपानहून परतलेला. देवळाच्या पायरीवर सुरू झालेलं बोलणं मग दर मंगळवारी लांबत गेलं. मनस्वीचं सगळं जपानी पुस्तकातलं, त्यामुळे ती कान देऊन ऐके.

"अख्ख्या प्रांतात पहिला मान त्या देवळाचा," तो सांगे. "बाकीची सगळी त्याच्यानंतर. आपल्याकडे पालखीला पहिला खांदा कोणाचा हे ठरलेलं असतं ना, तसं."

बोलता बोलता तिच्याकडे बघे, आणि बघितलंच नाही असं दाखवी. तीन महिने हेच. मनस्वीला तो आवडत होता, फार आवडत होता. पण याने तोंड उघडावं, तर हा बोलणार त्या देवळातल्या देवदाराच्या झाडांवर!

एका मंगळवारी मात्र तो चाचरला. "आईने बोलावलंय तुला. जपानहून निघताना त्या देवळातून नशीब सांगणारी एक चिठ्ठी काढून आणली होती. जुनं जपानी, मला कळत नाही. आई म्हणते, मानाच्या देवाचा कौल आहे, लग्नाचं तोच सांगेल. आणि मी तिला... एका मुलीबद्दल सांगितलंय."

"कोण मुलगी?"

"आधी चिठ्ठी वाच ना..."

प्रणितच्या आईने, सखूबाईंनी, देव्हाऱ्यातून कागद काढला. हळदीकुंकवाने पार माखला होता. "वाच गो बाय. वरीस झालं, रोज फूल वाहते मी."

मनस्वीने घडी उलगडली. वरच मोठं अक्षर होतं, 'अशुभ'. खाली... लग्न, जमणार नाही. ज्या माणसाची वाट पाहताय, तो येणार नाही.

एक थाप मारली की झालं. या घरात वाचणारं दुसरं कोण होतं? प्रणित निकालाची वाट बघत असल्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. पण वर्षभर फूल वाहणाऱ्या बाईशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"काकी, चिठ्ठी वाईट आहे," ती म्हणाली, आणि तिने अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं.

सखूबाई मटकन खाली बसल्या. प्रणितचा चेहरा उतरला. मनस्वीला मात्र एकदम हसू आलं.

"पण ही घरी आणायचीच नसते! चांगली निघाली तर घरी न्यायची, वाईट निघाली तर तिथेच दोरीला बांधून मोकळं व्हायचं. हा शहाणा प्रसाद समजून विमानातून घेऊन आला."

"मला वाटलं, दोरीला लोकांनी नवस बांधलेत," प्रणित पुटपुटला.

"म्हंजे वरीसभर मी इडापिडेला कुंकू लावलं?" सखूबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग आता?"

"परत नेऊन बांधायची."

"हा एकटा गेला तं आणखी काय उचलून आणल. तू जा संगती."

"अशी कशी जाऊ, काकी?" मनस्वी म्हणाली. बघत होती मात्र प्रणितकडे.

त्याने एकदाचा श्वास घेतला. "मनस्वी, ती मुलगी... तूच. तू मला खूप आवडतेस. येशील माझ्याबरोबर?"

"येईन. चिठ्ठीत 'येणार नाही' लिहिलंय तरी येईन."

सखूबाईंनी हळदीची वाटी पुढे ओढली. "कागदाला लय हळद लावली. आता तुमा दोघांना लावते, मंग जा बांधायला."

प्रणितने सवयीने देव्हाऱ्यासमोर वाकून दोन टाळ्या वाजवल्या. या वेळी मनस्वीनेही वाजवल्या.