जिथली जिवाणी तिथं

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात अपूर्वा मगदूम स्टुलावर उभी राहून फळ्यावर यादी लिहीत होती. ‘सुट्टीत वाचा : पाण्याची पुस्तकं.’ नद्यांची चार, समुद्राची पाच, तळ्याचं एक. मुलांनी आठवड्याला एक न्यायचं आणि परत करताना त्यातलं काहीतरी तिला तोंडी सांगायचं.

“आणि गोगलगाईचं?”

तिनं मान वळवली. दारात एक तरुण उभा होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग.

“ओ पावणं!” झाडलोट करणाऱ्या चिमणाबाई कडाडल्या. “आत्ता फरशी पुसलीया. म्हशी धुऊन आलाय काय?”

“म्हशी न्हाईत मावशी, शिंपलं मोजून आलोय. नदीतलं.”

“त्यानं पोट भरतंय व्हय?”

“अजून तरी न्हाई.”

हे तो इतक्या सरळपणानं बोलला, की हसू लपवायला अपूर्वाला पुन्हा फळ्याकडं तोंड करावं लागलं.

जिनेंद्र चौगुले त्याचं नाव. पंचगंगेतल्या गोगलगाई आणि शिंपल्यांवर तो संशोधन करत होता.

“यादी मुलांसाठी हाय,” ती म्हणाली.

“मग मला नववीतला समजा. गणितात नापास झालेला.”

“नववीतल्यालाबी तोंडी सांगावं लागतंय.”

“त्यासाठीच तर न्यायचंय की.”

तिनं त्याला नदीचं एक पुस्तक दिलं, पुढच्या सोमवारी समुद्री कासवांचं.

तिसऱ्या सोमवारीही तो बरोबर तीन वाजता आला. “कासवीण अंडी घालती आणि मागं वळूनबी न बघता समुद्रात जाती,” त्यानं धडा म्हटल्यासारखं सांगितलं. “तुमचं तसं न्हाई. मी निघालो की तुम्ही खिडकीत येता.”

“ऊन किती हाय ते बघते.”

“फक्त सोमवारचं?”

त्या दिवशी तिनं एकाच पुस्तकावर दोनदा शिक्का मारला.

अपूर्वा जैन घरातली, वडिलांच्या, आण्णांच्या वळणावर गेलेली व्रताची मुलगी. पहाटे पाचला उठायचं, सामायिक करायचं, म्हणजे घटकाभर ध्यानाला बसायचं, आणि मग विहिरीचं पाणी गाळायचं. गाळण्याच्या कापडावर जे डोळ्यांना दिसतं, न दिसतं, ती जिवाणी. ती त्याच विहिरीच्या पाण्यात अलगद परत सोडायची. जिथला जीव तिथं. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. जिनेंद्रच्या घरीही हे होतं, पण त्यानं ते हॉस्टेलला जाताना घरीच ठेवलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिनं त्याला मुलांशी बोलायला बोलावलं. प्रयाग चिखलीच्या अलीकडं नदीचं एक वळण आहे, तिथली नखाएवढी गोगलगाय तो बरणीतून घेऊन आला होता. कवचावर तांबूस रेघ असलेली. मुलं बरणीला नाक लावून बसली. तेवढ्यात त्याला फोन आला. “सोमवारी येतो,” एवढंच म्हणून तो पळाला आणि बरणी टेबलावर राहिली.

रविवारी पहाटे अपूर्वानं घरी आणलेली ती बरणी विहिरीच्या पाण्यासारखीच गाळली. बरणीवर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर जागा होती. ती स्कूटीवरून थेट त्या वळणावर गेली आणि गोगलगाय पाण्यात सोडून आली. तो विसरला, आपण त्याच्या वाटचं केलं, असंच तिला वाटत होतं.

सोमवारी तो आला. “बरणी कुठाय?”

“जिवाणी सोडली की. जिथली तिथं.”

तो बाकावर बसला. “तीन महिन्यांत तेवढी एकच घावलीवती मला. त्या वळणाला दगडी भिंत बांधायची ठरलीया. तिथं हा जीव हाय असं शुक्रवारच्या आत दाखवलं, तरच भिंत थांबंल. आज तिला स्पिरिटमध्ये घालून तपासायला पाठवायचं होतं.”

“स्पिरिटमध्ये…? जिवंत?”

“व्हय. आधीबी दुसऱ्या जातीच्या पाच घातल्यात. खोटं सांगणार न्हाई.”

आता बाकावर बसायची पाळी तिची होती.

त्या सोमवारी तो पुस्तक न नेता गेला.

“गेला न्हवं?” चिमणाबाई म्हणाल्या. “पुरुषाची वस्तू त्याला न इचारता नदीत सोडू ने, बाई.”

“वस्तू नव्हती ती, मावशी.”

रात्रभर तिनं उलटसुलट करून पाहिलं. तिचं चुकलं नव्हतं, आणि त्याचं नुकसान तिनंच केलं होतं. दोन्ही खरं होतं.

मंगळवारी उजाडता ती वळणावर गेली. तो आधीच पाण्यात होता. ती काठावरूनच परत फिरली. बुधवारी तिनंच काठावरून विचारलं, “मेलेलीचा रिकामा शंख चालतोय काय?”

“चालतोय. जिवंतीचे फोटो हायत माझ्याकडं. पण जिवंत धरण्यापेक्षा रिकामा शोधणं अवघड. म्हणून कोण शोधत न्हाई.”

“मी शोधते.”

तिनं जुनं, बाद झालेलं गाळणं पसरलं आणि ओंजळ ओंजळ चिखल त्यातून गाळायला घेतला. थोड्या वेळानं कापडाचं दुसरं टोक त्यानं धरलं. मधून मधून बोटं लागत होती… दोघंही चिखलाकडंच बघत होते.

गुरुवारी, सकाळी सात वाजायच्या सुमाराला, कापडावर एक रिकामं कवच राहिलं. तांबूस रेघेचं.

त्यानं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. “तीच.”

“मग भिंत थांबंल?”

“माहीत न्हाई. पण आता कुणाला ‘इथं काय न्हाई’ असं म्हणता यायचं न्हाई.” त्यानं कवच रुमालात बांधलं. मग चाचरत म्हणाला, “मी एक नियम घेतोय. इथून पुढं जिवंत जीव बाटलीत घालायचा न्हाई.”

“माझ्यासाठी घेऊ नका. दुसऱ्यासाठी घेतलेला नियम टिकत न्हाई.”

“माझ्यासाठीच घेतोय. पण नियमाला साक्षी लागतोय. तुम्ही ऱ्हावा साक्षीला.”

“किती दिवस?”

“नियम जन्माचा हाय…” त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघितलं. “मग साक्षीबी तेवढाच लागंल.”

पलीकडच्या काठावर कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली. अपूर्वानं गाळणं पाण्यात बुडवलं, चिखलाबरोबर आलेलं सगळं अलगद सोडून दिलं, कापड पिळलं, झटकलं आणि घडी घातली. तोवर त्याचा जीव टांगणीला.

“आण्णांना विचारायला या,” ती शेवटी म्हणाली. “आजच या. आणि दिवस मावळायच्या आत या. नंतर आमच्यात जावयालाबी चहा मिळत न्हाई.”