पाणी उतरलं का?

दुपारी चारच्या सुमाराला नर्सबाई झोपेच्या गोळ्या घेऊन टेलर मास्तरांकडे निघाल्या. पुराला सहा महिने होऊन गेले होते, तरी गल्लीचा कुबट वास काही जात नव्हता. भिंतींवर पार माळ्यांच्याही वर चिखलाची रेघ. निम्म्या घरांना कुलपं. त्यातली माणसं एक तर गल्ली सोडून गेलेली, नाहीतर जगच.

मास्तर गंजलेल्या मशीनपुढे बसले होते. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"झोप लागते का?"

"कसली झोप, बाई? रोज दुपार कलली की ती विचारते."

"कोण?"

त्यांनी नजरेनंच माळा दाखवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाणी चढलं तसे मास्तर मदतीसाठी ओरडायला कौलांवर गेले. गुडघ्यांनी अधू असलेली बायको माळ्यावरच राहिली. ती आतून विचारायची, पाणी उतरलं का? तिचा धीर सुटू नये म्हणून ते सांगत राहिले, उतरतंय, तू हलू नकोस.

ती हलली नाही.

"सगळे म्हणतात, माझं डोकं फिरलंय."

"तसं नाही हो मास्तर. मनाला फार लागलं की भास होतात. मी बसते ना इथे. बघा, काहीसुद्धा..."

"अहो... पाणी उतरलं का?"

आवाज माळ्यावरूनच आला. हलका, ओल्या कापडाआडून आल्यासारखा. नर्सबाईंनी झटकन वर बघितलं.

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "तुम्हालाही...?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण सहा महिने हा माणूस हे एकटाच ऐकत होता.

"हो," त्या पुटपुटल्या. "ऐकलं मी. उत्तर द्या त्यांना."

मास्तर हुंदक्यांनी गदगदून गेले. "उतरलं गं... केव्हाच उतरलं. चुकलो मी. ये खाली."

शिडी करकरली. एक पायरी... दुसरी... मग शेवटची. काहीतरी गारसं नर्सबाईंना घासून दाराबाहेर गेलं. मास्तर मशीनवर डोकं टेकून तिथेच गाढ झोपले.

नर्सबाई गोळ्या न देताच बाहेर पडल्या. शेजारच्या कुलूपबंद घरात, वर छताजवळ, कुणा म्हाताऱ्यानं खाकरून घसा साफ केला.

"बाई... मग आम्हीपण उतरू का?"